सिस्टर, ही गोळी कुठे मिळेल?

ऑगस्टच्या अंकात बद्धकोष्ठावर लिहिताना मी ओघाओघात मॉर्फिन या कळ थांबवणाऱ्या औषधाचं नाव घेतलं आणि तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत निम्मी कॅन्सरच्या घरांतली आहेत. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जगभर हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअरचा दिवस म्हणून पाळतात. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रोग घालवता आला नाही तरी पेशंटचे हाल कमी करणारी सेवा, आणि हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांत अशी सेवा देणारी जागा. तेव्हा हा महिना त्या घरांना. मधुमेहवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी डॉक्टर नाही. १९८३ साली मुंबईत कॅन्सरच्या वॉर्डात नर्स म्हणून लागले आणि नोकरीची शेवटची अठरा वर्षं पुण्यात आणि मावळात घरोघरी फिरून पेशंट पाहिले. डोस किती घ्यायचा ते मला विचारू नका. बाकी काहीही विचारा.

प्रश्न : वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, लाइट (रेडिएशन) देऊन झाले, आता पुन्हा गाठ आली आणि ती फुटली आहे. डॉक्टरांनी कागदावर 'पॅलिएटिव्ह' लिहून आम्हाला दुसऱ्या खोलीत पाठवलं. तिथल्या बाईंनी वडील घरात कुठे झोपतात, जेवण कोण भरवतं, शेतावर कर्ज आहे का, असलंच विचारलं. भाऊ म्हणतो, डॉक्टरांनी हात टेकले. खरं काय ते सांगा. (बार्शी तालुक्यातून एक मुलगी)

ताई, भावाचं अर्धं बरोबर आहे. गाठ घालवण्याच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले असतील. वडिलांच्या बाबतीत टेकले असते तर त्या दुसऱ्या खोलीत पाठवलंच नसतं, सरळ 'घरी न्या' म्हणाले असते. माझ्या सुरुवातीच्या काळात तसंच म्हणत. मी स्वतः किती जणांच्या हातात डिस्चार्जचा कागद देऊन नजर चुकवली आहे, ते मला मोजता यायचं नाही.

'पॅलिएटिव्ह' हा शब्द लॅटिनमधल्या 'पॅलियम'वरून आला. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचं पांघरूण. सरकारी मराठीत त्याला उपशामक उपचार म्हणतात, पण ते ऐकून कुणाच्या डोळ्यापुढे काही येत नाही. मी पेशंटच्या घरी घोंगडी म्हणायचे. बाहेरचा पाऊस घोंगडीनं थांबत नाही, पण माणूस कुडकुडत नाही.

आणि त्या बाईंनी शेतावरच्या कर्जाचं का विचारलं, तेही सांगते. लंडनला सिसिली सॉन्डर्स नावाची बाई होती. आधी नर्स, मग हॉस्पिटलात समाजसेविका, आणि चाळिशी जवळ आली असताना शिकून डॉक्टर झाली. १९६७ साली तिनं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. तिचं म्हणणं असं, की मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं एकपदरी नसतं. गाठ दुखते, पण 'पोरीचं लग्न राहिलं' हेही दुखतं, सोसायटीचं कर्ज दुखतं, 'देवानं मलाच का' हेही दुखतं. हे सगळं एकाच बिछान्यावर झोपलेलं असतं. नुसत्या गोळीनं न थांबणारी कळ कधी कधी कर्जाचे हप्ते बांधून मिळाले की निम्मी होते. मी पाहिलं आहे म्हणून लिहिते.

आपल्या देशात ही कल्पना मुंबईतून शिरली. टाटा हॉस्पिटलमधले कॅन्सरचे सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर 'शांती अवेदना सदन' उघडलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. पैसे घेत नाहीत, जात-धर्म विचारत नाहीत. तेव्हा आम्ही नर्सेस आपसात त्याला 'मरायला पाठवायची जागा' म्हणायचो. एका रविवारी मी माझ्याच वॉर्डातून गेलेल्या बाईला भेटायला तिथे गेले, तर ती व्हरांड्यात बसून समुद्राकडे बघत पेरू खात होती. आमच्याकडे असताना तिनं तीन आठवडे धड पाणीही प्यायलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ते नाव घेणं सोडलं.

आता तुमच्या कामाचं. गाठ फुटली आहे म्हणता, म्हणजे वास सुटला असणार. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, कुणीच लिहीत नाही. पेशंटला सगळ्यांत जास्त लाज त्याची वाटते. मावळात एका घरी आजोबांची खाट गोठ्याच्या बाजूला हलवली होती. माणसं वाईट नव्हती, पण वासामुळे कुणाला जवळ बसवत नव्हतं. मेट्रोनिडाझोल नावाची गोळी असते, जुलाब-आवेवर आपण सगळ्यांनी कधी ना कधी घेतलेली. आमच्या डॉक्टरांनी ती कुटून, वस्त्रगाळ करून धुतलेल्या जखमेवर रोज भुरभुरायला सांगितली. दोन-तीन रुपयांचं काम. पाचव्या दिवशी गेले तर खाट ओटीवर आली होती आणि नातू पायथ्याशी बसून पाढे म्हणत होता. तुमच्या त्या दुसऱ्या खोलीत याबद्दल विचारा, लाजू नका. जखमेत किडे झाले असले तरी सांगा. त्यावरही इलाज आहे, आणि तो घाण ठेवल्याचा पुरावा नसतो.

एक राहिलं. ही सेवा शेवटच्याच महिन्यात घ्यायची असते, हा गैरसमज पुष्कळ डॉक्टरांचाही आहे. केमो चालू असतानाही घेता येते. ज्यांनी लवकर घेतली, त्यांचे हाल कमी झालेले मी पाहिले.

प्रश्न : आईला स्तनाचा कॅन्सर असून तो पाठीच्या मणक्यात उतरला आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, त्यानं ती तीन महिन्यांनी प्रथम रात्रभर झोपली. गोळ्या संपत आल्यावर जळगावात सात मेडिकल फिरलो. एकानं तर चिठ्ठी पाहून 'पोलिसांना बोलवू का?' विचारलं. मामा म्हणतात ही अफू आहे, बहिणीला नशेची सवय लागेल, बंद कर. गोळी एवढी चांगली, तर मिळत का नाही? (जळगावहून एक मुलगा)

तुमच्या पत्राचं उत्तर लांबणार आहे, कारण त्यात माझी चाळीस वर्षं आहेत.

मामांचं एक खरं, मॉर्फिन अफूपासूनच काढतात. आणि ती अफू तुमच्या जळगावपासून फार लांब पिकत नाही. मंदसौर, नीमच, तिकडे चित्तोडगढ, हा सगळा सरकारी परवान्यानं खसखशीची शेती करणारा पट्टा. शेतकरी संध्याकाळी बोंडाला चीर देतो, सकाळी सुकलेला चीक खरवडून घेतो आणि तोळामाशाच्या हिशेबानं सरकारला घालतो. नीमचला आणि उत्तर प्रदेशात गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत. औषधांसाठी लागणारी अफू भारतानं वर्षानुवर्षं परदेशांना विकली. इंग्रजी अमलात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, तो धंदा वेगळा आणि त्याचं पाप वेगळं. पण जो देश कायद्यानं अफू पिकवून जगाला देतो, त्याच देशात तुमच्या आईची गोळी सात दुकानांत मिळत नाही, हे कसं झालं?

१९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला, एनडीपीएस. गर्दच्या व्यापाऱ्यांना पकडायला केला होता, हेतूबद्दल वाद नाही. पण त्यात तेव्हा किमान शिक्षा दहा वर्षं होती, आणि हॉस्पिटलचं कपाट अन् गर्दुल्ल्याचा अड्डा यांत धड फरक नव्हता. त्यात प्रत्येक राज्याचे नियम निराळे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थोडं मॉर्फिन आणायचं तर बाळगायचा परवाना वेगळा, आणायचा वेगळा, पाठवणाऱ्याचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. कुणी उत्पादन शुल्क खात्याकडून घ्यायचा, कुणी औषध खात्याकडून. चौथा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली.

मी लागले तेव्हा आमच्या वॉर्डात काचेच्या कपाटात मॉर्फिनच्या ॲम्प्यूल असत. कायद्यानंतर आधी लोखंडी कपाट आलं, मग दोन किल्ल्या आल्या, मग रजिस्टरं वाढली, आणि दोन-तीन वर्षांत कपाटात नुसती रजिस्टरंच राहिली. स्टोअरकीपर सज्जन माणूस होता. मी भांडायला गेले तर म्हणाला, "सिस्टर, हिशेबात एक ॲम्प्यूल कमी आली तर दहा वर्षं मी बसणार. तुमचा पेशंट येणार आहे का माझ्या पोरांना सांभाळायला?" यावर मी काय बोलणार होते?

त्या सुमारास एक गिरणी कामगार आमच्याकडे होता. संपात नोकरी गेली, मागून हाडांत पसरलेला कॅन्सर. बाजूच्या खाटांवरच्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री टॉवेल चावून पडायचा. सकाळी चादरी बदलताना मी तो टॉवेल उचलायचे, त्यावर दातांच्या खुणा असायच्या. ब्रुफेन आणि झोपेची सुई, यापलीकडे आमच्यापाशी काही नव्हतं. तो सव्वा महिना राहिला.

गंमत बघा, याच वेळी, १९८६ साली, जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी जगाला दिली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या, दुसरीवर कोडीनसारखं सौम्य औषध, तिसरीवर मॉर्फिन. शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळ लावून. आम्हाला शिडी मिळाली, फक्त वरची पायरी काढून घेतलेली. देशात १९८५ मध्ये वर्षाला पाचशे किलोंच्या वर मॉर्फिन वापरलं जात होतं, ते १९९७ पर्यंत १८ किलोंवर आलं. आकडा पुन्हा वाचा. अख्ख्या देशात, वर्षाला, अठरा किलो. याच्यामुळे आणखी एक नुकसान झालं ते तुम्ही सात दुकानांत पाहिलंत. डॉक्टरांची आणि केमिस्टांची एक अख्खी पिढी मॉर्फिन हातात न धरता शिकून तयार झाली. जे कधी वापरलं नाही, त्याची भीती वाटणारच.

काही मंडळी चिवटपणे मागे लागली. केरळचे भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल त्यांतले पुढचे, २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. १९९८ साली केंद्रानं राज्यांना सोपे नियम करायला सांगितलं, बहुतेक राज्यांनी ते पत्र फायलीला लावलं. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये, लोकसभेची मुदत संपता संपता, संसदेनं कायदाच बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन वगैरे मोजकी औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि ती देशभर एकाच नियमाखाली आली. आता चार-पाच परवाने लागत नाहीत. हॉस्पिटलनं राज्याच्या औषध खात्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मंजुरी घ्यायची, प्रशिक्षण झालेला डॉक्टर नेमायचा, हिशेब ठेवायचा. बस.

म्हणून दादा, मेडिकलं फिरू नका, साध्या दुकानात ती सहसा ठेवतच नाहीत. सरकारी मेडिकल कॉलेज, सिव्हिल हॉस्पिटल आणि जवळचं कॅन्सर हॉस्पिटल, या तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा : "तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्यांची मान्यता आहे का?" नसली तर का नाही, ते लेखी अर्ज देऊन विचारा. तोवर मुंबईच्याच डॉक्टरांना सांगा, आईला प्रत्येक वेळी न नेता कागदपत्रांवर नातेवाइकाला गोळ्या देता येतात का ते ते सांगतील. आणि पाकीट रिकामं व्हायची वाट बघू नका, आठवडाभर आधी निघा.

मामांच्या सवयीच्या भीतीबद्दल. झिंगायला घेणारा आणि कळ थांबवायला घेणारा, यांच्या हातात गोळी एकच असली तरी वाट वेगळी असते. मामांना माझा निरोप द्या, की नशा करणारा माणूस गोळी घेऊन जगापासून दूर जातो. तुमची बहीण गोळी घेऊन रात्रभर झोपते आणि सकाळी उठून भाकरी कुणी जाळली ते विचारते. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ती एकदम तोडायची नाही, डॉक्टरांच्या सांगण्यानं उतरवायची. त्याला व्यसन म्हणत नाहीत. डोस वाढला म्हणजे शेवट जवळ आला, असंही नाही. दुखणं वाढलं की डोस वाढतो, लाइट देऊन मणक्याचं दुखणं कमी झालं तर डोस उतरतोसुद्धा. श्वास बंद पडेल ही भीती डोस मनानं वाढवणाऱ्यांसाठी. कमीपासून पायरीपायरीनं चढवला तर तशी वेळ सहसा येत नाही.

पहिले दोन-चार दिवस गुंगी येते, मळमळतं, ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, ते गोळी आहे तोवर राहतं. त्यामुळे मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध नसेल तर डॉक्टरांना तिथल्या तिथे आठवण करा. कित्येक पेशंटनी दुखणं थांबूनही केवळ पोट फुगलं म्हणून मॉर्फिन सोडलेलं मी पाहिलं.

आणि वेळ. साध्या गोळीचा असर चार तासांचा, त्यामुळे कळ येण्याची वाट न बघता ती घड्याळावर घ्यायची. पवन मावळात एका आजीकडे घड्याळ नव्हतं आणि अंकओळखही नव्हती. सुनेनं आणि मी मिळून बसवलं : डेअरीची गाडी आली की पहिली, एसटी वर गेली की दुसरी, शाळेतली पोरं जेवणाची सुटली की तिसरी, गुरं परतली की चौथी, आणि निजताना दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. डॉक्टरांनीच रात्रीचा डोस तसा लिहून दिला होता. भिंतीवर गेरूनं पाच चित्रं काढली. एसटीच्या संपाच्या वेळी तेवढी अडचण झाली.

प्रश्न : केरळात म्हणे गावोगाव स्वयंसेवक कॅन्सर पेशंटच्या घरी जातात. महाराष्ट्र एवढा पुढारलेला असून आपल्याकडे का नाही? (गुहागरहून एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, हा प्रश्न मलाही टोचतो, कारण सुरुवात आपल्याकडे आधी झाली. वांद्र्याचं १९८६. केरळात कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली ती १९९३ ला. म्हणजे सात वर्षं आपण पुढे होतो. १९९७ ला पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअरचं केंद्र झालं, तिथेही पैसे पडत नाहीत आणि पेशंटबरोबर घरचं माणूस राहून काळजी घ्यायला शिकतं. गोव्यात लोटलीला शांती अवेदनाची शाखा आहे. देशात या विषयाची एमडी २०१२ मध्ये टाटात सुरू झाली. मोजायला बसलं तर आपली यादी कमी नाही.

पण कोळिकोडच्या लोकांच्या लक्षात एक गोष्ट लवकर आली. ओपीडीत येऊ शकतो तो पेशंट बराच म्हणायचा, खरा गरजू बिछान्यावर आहे आणि त्याच्यापर्यंत डॉक्टर पुरणार नाहीत. मग त्यांनी शेजाऱ्यांनाच शिकवलं. दुकानदार, बसवाले, गृहिणी, कॉलेजची पोरं. वर्गणी किरकोळ, पण पुष्कळांची. केरळ सरकारनं २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं, देशातलं पहिलं, आणि काम पंचायतींच्या गळ्यात घातलं. आज तिथे असे हजाराहून अधिक गट आणि केंद्रं आहेत. 'इकॉनॉमिस्ट'च्या अभ्यासगटानं २०१५ साली ८० देशांतल्या मरणाच्या वेळच्या सेवेची तुलना केली, त्यात भारत ६७वा होता. केरळ काढून घेतलं तर आपण कुठे असतो, याचा विचार मी करत नाही.

मी स्वतः कोळिकोडला शिकायला गेले होते. तिथे एका स्वयंसेवकाबरोबर दिवसभर फिरले, धंद्यानं रिक्षावाला. त्यानं कुणाला औषध दिलं नाही की बीपी मोजलं नाही. एका घरी हवेची गादी पोचवली, दुसऱ्या घरी पेन्शनचा अर्ज भरला, तिसऱ्या घरी दोन तास नुसता बसला, कारण त्या घरातल्या सुनेला माहेरच्या लग्नाला जायचं होतं. भाषा मला कळत नव्हती, सुनेचा चेहरा कळला.

आपल्याकडे हे का नाही, याला माझं उत्तर थोडं आगाऊ आहे. आपल्याला देणगी द्यायला आवडते, कुणाच्या घरी जाऊन मूत्राची पिशवी रिकामी करायला आवडत नाही. माणसं मात्र आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे परगावचे पेशंट राहतात, तिथे वर्षानुवर्षं न चुकता राबणारे लोक मी पाहिलेत. वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपून देणारेही आपणच. गुहागरात तुमचे विद्यार्थी असतील. वाड्यांवर कोण अंथरुणाला खिळलंय ते मंडळाच्या पोरांना तलाठ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आधी नुसती नावं काढा. आयुष्मान भारतच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांनी (आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) द्यायच्या सेवांत ही सेवा कागदावर आहेच. ती नावं घेऊन तिथल्या सिस्टरला भेटा. तिला कुणी विचारलं तर ती कामाला लागेल, आम्ही नर्सेस तशाच असतो.

प्रश्न : आईला कॅन्सर आहे हे आम्ही तिला सांगितलेलं नाही. रिपोर्ट लपवून ठेवतो. ती काही विचारतही नाही. बरोबर करतोय ना? (ठाणे)

ती विचारत नाही, यावरून तिला माहीत नाही असं धरू नका.

परळला असताना एका आजींची तीन मुलं मला जिन्यात गाठून हेच सांगायची, 'सिस्टर, तेवढं आईसमोर बोलू नका.' मी ड्रेसिंगला गेले तर आजी म्हणाल्या, दार लोट. मग हळूच, "पोरांना सांगू नकोस हो, मला ठाऊक आहे म्हणून. घाबरतील." कसं कळलं, विचारलं. "अगं, पहिल्याच दिवशी बसमधून उतरताना कंडक्टर केवढ्यानं ओरडला, टाटा हॉस्पिटल! आता टाटात काय नाक टोचायला नेतात?"

आठ महिने तिघं मुलगे तिच्यापासून आणि ती त्यांच्यापासून लपवत होती. तिला पाटल्या कुणाला द्यायच्या ते बोलायचं होतं. शेवटी मी मधल्या सुनेला खुणावलं, आणि एका दुपारी त्या घरात सगळे मोठ्यानं रडले. मी बाहेर गॅलरीत उभी राहिले.

सगळं एकदम ओतू नका. "आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुला ऐकायचंय का?" एवढंच विचारा. नको म्हणाली तर थांबा. हो म्हणाली तर तिला पेलेल तेवढं, आणि खोटं नाही. 'सगळं बरं होईल' म्हणू नका. 'आम्ही इथेच आहोत' म्हणा, आणि राहा.

प्रश्न : शेवटच्या दिवसांत बाबांनी खाणं-पिणं सोडलं. सलाइन न लावता आम्ही त्यांना उपाशी मारलं, असं आत्या म्हणते. (सातारा)

नाही. शरीर मिटायला लागलं की भूक आधी जाते. तेव्हा सलाइननं ताकद येत नाही. पाणी अंगात मुरत नाही, ते पायांवर आणि छातीत साचतं, घरघर वाढते. ओठ ओल्या कापसानं टिपणं, थोडं साजूक तूप लावणं, चमचाभर पाणी, यापेक्षा जास्त त्या वेळी लागत नाही. तुम्ही ते केलंत, पत्रात लिहिलं आहे. आत्याला हा अंक वाचायला द्या, तिचाही भाऊ गेला आहे.

प्रश्न : मला शेवटी व्हेंटिलेटर वगैरे नको आहे. तसं लिहून ठेवता येतं का? (पुणे, वय ७४)

येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात त्याला मान्यता दिली, पण तेव्हाची रीत इतकी किचकट होती की कुणी वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. तुम्हाला बोलता येईनासं झालं तर कुणी निर्णय घ्यायचा, त्या विश्वासातल्या माणसांची नावं त्यात घाला. एक प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. मुलांना आधी सांगा, कपाटात ठेवू नका. आणि वेदनाशमन मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावं, हे वाक्य स्वतःच्या हातानं लिहा.

प्रश्न : मिस्टर गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या मॉर्फिनच्या काही गोळ्या उरल्या आहेत. शेजारच्या काकांना संधिवात आहे, त्यांना देऊ का? (नाशिक)

वहिनी, देऊ नका. तुमच्या मिस्टरांचा डोस काकांना भारी पडेल. कचऱ्यात किंवा संडासातही टाकू नका. ज्या केंद्रातून आणल्या तिथे परत द्या, त्यांना हिशेब ठेवावा लागतो. तोवर मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी कुलपात ठेवा.

वडगावचे एक आजोबा आजींचं दहावं करून दुसऱ्या दिवशी आमच्या केंद्रावर आले होते. रुमालाच्या गाठीत सात गोळ्या आणि शाळेची दोनशे पानी वही. वहीत चार महिन्यांची प्रत्येक गोळी, वेळेसकट, पेन्सिलनं. शेवटच्या पानावर फक्त वार लिहिला होता. मी गोळ्या मोजल्या, रजिस्टरात नोंद केली, सही केली. ते उभेच होते. म्हटलं, आजोबा, झालं. म्हणाले, "पावती द्या."